वरचे पंधरा

शालन गेल्याचं मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. मोबाइलने सांगितलं.

मंगळवार होता. अकरा वाजायला आले होते. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते आणि शालन अजून अतिदक्षता विभागातच होती. मी आणि जावई प्रणित खाली कँटीनमध्ये बसलो होतो. सायली, माझी मुलगी, कपडे आणायला घरी गेली होती. माझ्यासमोरची इडली गार झाली होती. आधी प्रणितचा फोन थरथरला. त्याने बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग माझा वाजला.

"आपली 'घरी' हमी बंद झाली आहे. सेवेची संधी दिल्याबद्दल आभार."

"प्रणितराव, हे काय आलंय?"

"मामा, आपण वर जाऊ."

"आधी सांगा."

"वर जाऊ या ना."

तो माझ्याकडे बघत नव्हता. आम्ही वर गेलो. काचेच्या दाराबाहेर उभे राहिलो. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. मेसेज दहा त्रेपन्नचा होता. म्हणजे अकरा मिनिटं माझी बायको फक्त हमी कंपनीच्या लेखी गेलेली होती. मला माहीत नव्हतं. प्रणितला माहीत होतं.

पालथा ठेवलेला तो फोन माझ्या डोक्यातून गेला नाही.

माझं नाव वामन तारू. पुण्याच्या रेसकोर्सवर मी अठ्ठावीस वर्षं भाव काढायचं काम केलं. केकीशेठ म्हणून लायसन्सवाले बुकी होते, त्यांच्याकडे. शिक्षण अकरावी. शालन घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. आमचं घर घोरपडीत, दोन खोल्यांचं. प्रणित हमी कंपनीत कामाला. लग्न ठरलं तेव्हा शालन म्हणाली होती, "सासरा बुकी, जावई बुकी. मधल्यामध्ये आपण दोघी गरीब." प्रणित हसला होता. त्याला ते आवडलं नव्हतं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

हमी कंपनी काय करते ते सांगतो, कारण गावाकडे अजून ती पोचलेली नाही.

'कौल' नावाचं एक यंत्र आहे. पेशंटचं चमचाभर रक्त, दहा मिनिटांचा श्वास आणि दहा मिनिटांचे हृदयाचे ठोके एवढं त्याला लागतं. रक्तात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. आजार कुठे चाललाय त्याप्रमाणे काही वाढतात, काही कमी होतात. आजवरच्या लाखो पेशंटांचं रक्त, श्वास, ठोके आणि पुढे त्यांचं काय झालं, हे सगळं यंत्राकडे आहे. नवीन माणूस आला की त्याच्यासारखे कोण कोण होते ते यंत्र शोधतं आणि सांगतं, अशी शंभर माणसं असतील तर या उपचाराने वर्षाने इतकी घरी चालती-फिरती असतील. आकडा फार चुकत नाही. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण हेच यंत्र आधी घोड्यांसाठी आलं होतं. पॅडकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणात, घोडा फिरत असताना पोटाखाली पट्टा बांधायचे. दोन सीझनमध्ये आमची रिंग, म्हणजे बुकींचा बाजार, बसली. केकीशेठ म्हणाले, "वामन, आता आपण दोघे प्रेक्षक."

पुढे हे यंत्र हॉस्पिटलांत आलं. सुरुवातीला डॉक्टर आकडा सांगायचे. मग लोक कोर्टात जायला लागले. सत्तर सांगितले होते, माणूस गेला कसा? तेव्हापासून डॉक्टर आकडा सांगत नाहीत. आकडा जातो हमी कंपनीकडे आणि कंपनी त्याचे दोन भाव काढते. 'घरी' आणि 'नाही'. 'घरी'वर पैसे भरले आणि पेशंट वर्षाने घरी असला, तर पुढच्या औषधपाण्याचे पैसे भावाप्रमाणे मिळतात. 'नाही' म्हणजे माणूस गेल्यास घरच्यांना पैसे. डॉक्टर गप्प, म्हणून लोक भावावरूनच समजून घेतात की आपल्या माणसाचं काय होणार. भाजीवालीसुद्धा आता हा हिशेब करते. पण अर्धाच करते.

पूर्ण हिशेब असा. समजा दोन्ही बाजू पन्नास-पन्नास आहेत. शंभराला पन्नासने भागा, खरा भाव दोन. शंभर लावले तर दोनशे परत. पण असा भाव दिला तर बुकी खाणार काय? म्हणून तो दोन्ही बाजूंना एक ऐंशी देतो. आता उलटं करा. शंभराला एक ऐंशीने भागलं की साडेपंचावन्न येतात. दोन्हीकडचे मिळून एकशे अकरा. जगात कुठल्याही गोष्टीच्या सगळ्या शक्यता मिळून शंभरच होतात. वरचे अकरा बुकीचे. त्याला मार्जिन म्हणतात. खरा आकडा हवा असेल तर ते वरचे काढून टाकायचे. भाजीवाली ते काढत नाही. मी काढतो.

शालनच्या यकृतात गाठ निघाली तो शनिवार होता. दोन रस्ते होते, ऑपरेशन किंवा घरी राहून महिन्याला एक इंजेक्शन. सोमवारी सकाळी सांगायचं होतं.

मी शनिवारी संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडणी केली. ऑपरेशन, 'घरी' सव्वादोन, 'नाही' एक साठ. इंजेक्शन, 'घरी' दोन वीस, 'नाही' एक पासष्ट. दोन्हींतले वरचे काढले. ऑपरेशनचे साडेएकेचाळीस आले, इंजेक्शनचे त्रेचाळीसच्या आसपास. एकोणीस-वीसचा फरक.

"काय निघालं?" शालनने विचारलं. ती खाटेवर बसून कुणाच्या तरी साडीचा फॉल उसवत होती.

"दोन्ही सारखंच."

"मग इंजेक्शन घेऊ. पोटावर चाकू नको बाई मला."

"अगं, पण गाठ तशीच राहील ना आत."

"राहू दे. तुम्ही नाही का तीस वर्षं राहिलात?"

सायली हसत हसत रडली. मी म्हणालो, उद्या बघू.

रविवारी मी फोन हातातून सोडला नाही. दर अर्ध्या-एक तासाला ऑपरेशनचं पान उघडायचं. सकाळी भाव सव्वादोनाचा दोन पंधरा झाला. दुपारी दोन पाच. इंजेक्शनचा दोन वीस होता तो तिथेच. चार वाजता प्रणितचा फोन आला.

"मामा, हल्ली बहुतेक लोक ऑपरेशनच घेतात बरं का."

"का?"

"नाही, आपलं सांगितलं. भाव बघताय ना तुम्ही?"

सोमवारी सकाळी ऑपरेशनचा भाव एक नव्वद होता.

आता रिंगमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. घोड्याचा भाव दोन दिवसांत सव्वादोनाचा एक नव्वद झाला तर त्याचा अर्थ काय? अर्थ एकच. आतून पैसा येतोय. हा घोडा जिंकणार, हे तबेल्याला माहीत आहे. उतरत्या भावावर अठ्ठावीस वर्षांत मी अविश्वास दाखवला नाही. मी शालनच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "ऑपरेशन."

"नक्की?"

"भाव उतरलाय."

तिने हातातली सुई गादीच्या कडेला टोचून ठेवली. म्हणाली, "आयुष्यभर लोकांना आकडे सांगितलेत तुम्ही. मला एकदाच सांगताय. नीट बघितलंय ना?"

"बघितलंय."

"मग चला." प्रणितमार्फत 'घरी'ची हमी घेतली आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो.

तिचा दहावा, बारावा, तेरावा झाला. लोक येऊन गेले. चौदाव्या दिवशी मी ते कॅलेंडर काढलं आणि सोमवारचे भाव मांडले. कंपनीच्या पानावर मागचे सगळे भाव बघता येतात. 'घरी' एक नव्वद, म्हणजे साडेबावन्न. 'नाही' एक साठ, म्हणजे साडेबासष्ट. बेरीज एकशे पंधरा.

शनिवारी हीच बेरीज एकशे सात होती. वरचे सात होते ते दोन दिवसांत पंधरा झाले. इंजेक्शनच्या पानावर वरचे सहा, तिन्ही दिवस सहाच.

आणि दुसरी गोष्ट. 'घरी'चा भाव उतरत होता तेव्हा 'नाही'चा चढायला हवा होता. तागडीचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जातं. 'नाही'चा भाव शनिवारी एक साठ, रविवारी एक साठ, सोमवारी एक साठ. हललाच नव्हता. रिंगमध्ये असं दिसलं तर पोरगंसुद्धा ओरडेल की आतून पैसाबिसा काही नाही, कुणीतरी मुद्दाम भाव दाबतंय. मी ओरडलो नाही, कारण 'नाही'चा भाव वेगळा उघडावा लागतो आणि शनिवारनंतर मी तो उघडलाच नव्हता. आपल्या बायकोच्या मरणाचा भाव पुन्हा पुन्हा कोण उघडून बघेल?

कुणीतरी भाव दाबला होता. कोणी? मला एकच माणूस दिसत होता. चार वाजता फोन करणारा. फोन पालथा ठेवणारा.

मी सायलीला मांडणी दाखवली. ती बँकेत आहे, आकडे तिला पटकन कळतात.

"पप्पा, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"ऑपरेशनची हमी विकली की त्यांना कमिशन असतं ना?"

"सगळ्यांनाच असतं."

"तुझ्या नवऱ्याला मिळालं का, विचार."

तिने विचारलं. मिळालं होतं. कंपनीतल्या माणसाच्या नात्यातली हमी असली तरी कमिशन आपोआप खात्यात पडतं. प्रणितने तिला ते सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सायली बॅग घेऊन माझ्याकडे आली.

"त्याला विचारलं, तुला माहीत होतं का? तर म्हणतो, मला वेळ दे. कशाला वेळ हवा, पप्पा? हो की नाही सांगायला वेळ लागतो?"

मी म्हणालो, "खरं बोलायला लागत नाही."

हे मी बोललो. नंतर दोन महिने ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. हमीच्या तक्रारींसाठी सरकारने आयोग नेमला आहे, तिथे मी अर्ज दिला. जावई प्रणित यांनी कमिशनसाठी खरी शक्यता लपवली आणि भाव दाबायला लावला, असं लिहिलं. नावानिशी लिहिलं. सायलीने अर्ज वाचून दिला आणि शुद्धलेखन सुधारलं. कंपनीने प्रणितला घरी बसवलं. सायली वकिलाचा पत्ता शोधायला लागली.

मला समाधान वाटत होतं असं नाही. पण कुणावर तरी बोट ठेवलं होतं, त्यामुळे जेवण जात होतं.

सुनावणीला आठ दिवस असताना प्रणित घरी आला. दुपारची वेळ, सायली बँकेत. दाढी वाढलेली. मी दार अर्धंच उघडलं.

"सायली नाहीये."

"माहीत आहे. म्हणूनच आलोय."

"मग काय ते आयोगापुढे बोला."

"आयोगापुढे बोललो तर तुम्हाला त्रास होईल, मामा. आत येऊ का?"

आत आला. पाणी दिलं, प्यायला नाही. त्याने टॅबलेट काढून माझ्यासमोर ठेवला.

"मी भाव दाबला नाही. माणूस कुणीच भाव दाबत नाही. यंत्राचा आकडा येतो, त्याच्यावर मार्जिनचे नियम बसतात, भाव तयार होतो. एकवीस नियम आहेत. हा सातवा वाचा."

मी चष्मा लावला.

"नियम सात. मालकाचं मन ज्या घोड्यावर, मार्जिन त्याच्यावर. तो पुन्हा पुन्हा विचारायला येईल. प्रत्येक खेपेला भाव थोडा उतरवायचा. त्याला वाटतं आतली बातमी आहे, आणि तो जास्त लावतो. दुसऱ्या बाजूचा भाव खरा ठेवायचा. ती बाजू मालक बघत नाही."

खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं. 'मूळ माहिती: वा. तारू, रेसकोर्स. चार दिवसांची मुलाखत.'

मी ते दोनदा वाचलं. शब्द माझेच होते. 'खेपेला' हा शब्द ऑफिसातला माणूस लिहीत नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रिंग बसल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी घरी आली होती. म्हणाली, काका, जुन्या बुकींचं ज्ञान जपून ठेवायचंय. चार दिवस ती याच खोलीत बसली. मी बोलत गेलो. कुणीतरी विचारतंय याचाच आनंद होता. शालनने चारही दिवस त्यांना पोहे केले. चौथ्या दिवशी ती दारातून म्हणाली, "हे सगळं कशाला वापरणार गं?" मुलगी म्हणाली, "भाव काढायला, काकू." शालन माझ्याकडे बघून म्हणाली, "घोड्यांचेच ना?" मीच उत्तर दिलं, "मग काय माणसांचे?" मिळालेल्या पैशांतून आम्ही तिला नवीन शिलाई मशीन घेतलं.

"पण यंत्राला काय माहीत आमचं मन कुठल्या बाजूला आहे?" मी प्रणितला विचारलं.

"कुठलं पान किती वेळा उघडलं ते कंपनीला दिसतं. रविवार-सोमवार मिळून ऑपरेशनचं पान एकोणतीस वेळा उघडलं गेलं. तुमच्या फोनवरून."

"आणि इंजेक्शनचं?"

"दोनदा."

मी कॅलेंडरच्या पाठीवर जागा शोधली. 'नाही'चा भाव खरा धरायचा. एक साठ, म्हणजे साडेबासष्ट. शंभरातून वजा केले. साडेसदतीस. इंजेक्शनवर आमचं मन नव्हतं, तिथे मार्जिन साधं, दोन्हीकडे सारखं. तिथले त्रेचाळीस खरेच होते. शालनला आपसूक जे हवं होतं तेच चांगलं होतं.

त्रेचाळीस म्हणजे काही शंभर नव्हेत, इंजेक्शन घेऊनही ती गेली असती कदाचित, हे मला कळतं. पण ती याच खाटेवर गेली असती.

आतून पैसा आलाच नव्हता. रविवारभर भाव उतरत होता तो मीच उतरवत होतो.

तरी माझा प्रणितवर विश्वास बसेना. माझ्या धंद्यात इतका भला माणूस मी पाहिला नव्हता.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"आई गेल्यावर."

"कशावरून? रविवारी चार वाजता फोन केला होतात."

"तेव्हा मीही भाव उतरताना बघितला आणि तुमच्यासारखाच फसलो. मला वाटलं, यंत्राला नवीन काही कळलंय."

"पुरावा?"

तो जरा हसला. चिडून नाही. "माहीत होतं विचाराल." त्याने दुसरं पान उघडलं. नियमांची फाइल कुणी कधी उघडली त्याची यादी होती. त्याचं नाव एकदाच होतं. तारीख शालनच्या तेराव्याची.

"आणि कँटीनमध्ये फोन पालथा का ठेवला?"

"काय करायला हवं होतं, मामा? तुमच्यासमोर इडली होती. मी म्हणणार होतो का, की आई गेल्या, मला ऑफिसातून कळलं?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"सायलीने विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"काय सांगू? की तुझ्या पप्पांनी शिकवलेल्या नियमाने तुझी आई गेली? तिची आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. कमिशनचं मी सांगायला हवं होतं. ते चुकलं. लाज वाटली."

"मग आता का आलात?"

"नोकरी जाईल त्याचं काही नाही. पण सुनावणीत फाइल मागवली तर हे पान सायलीसमोर येईल. तुम्ही अर्ज मागे घ्या, एवढंच सांगायला आलो. तिला माझ्यावर राग राहिला तर राहू दे."

"असं कसं राहू दे? संसार मोडतोय तुमचा."

"तिला वडील तरी राहतील."

तो उठला. चपला घालताना म्हणाला, "तुम्ही हॉस्पिटलांसाठी नाही सांगितलं होतं, मामा. ते मला माहीत आहे." घोड्याचा मालक हरला तर शंभर रुपये हरतो, हे म्हणायला सोपं आहे. पण त्या मालकाला फसवायचं कसं हे मी चार दिवस हसत हसत सांगितलं होतं, पोहे खात.

दुसऱ्या दिवशी मी आयोगाच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, अर्ज मागे घ्यायचा तर कारण लिहा."

"कारण चुकीच्या माणसाचं नाव घातलं."

"मग बरोबर माणूस कोण?"

मी नवीन कागद मागितला. हमी कंपनी रेसकोर्सवरचा नियम आजारी माणसांवर चालवते, पान उघडलं की भाव दाबते आणि लोकांना ती आशा वाटते, असं लिहिलं. नियम सात पूर्ण उतरवला. हा नियम कंपनीला मी दिला, असंही लिहिलं आणि सही केली. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील. बाईंनी वाचून माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तिथे मी सगळं बोलणार आहे. प्रणितला परत कामावर घेतलं आहे. त्याने नोकरी सोडायचं ठरवलंय असं कळलं.

सायलीला एवढंच कळलंय की मी अर्ज मागे घेतला. त्यावरून ती माझ्याशी भांडली. "त्याने येऊन तुम्हाला गुंडाळलं ना, पप्पा? तुम्ही लोकांना फसवायचात, आता तुम्हालाच फसवलं त्याने." उद्या दुपारी ती वकिलाकडे जाणार आहे. कागदांचा गठ्ठा करून तिने टेबलावर ठेवलाय. सगळ्यात वर माझं कॅलेंडर आहे, पुरावा म्हणून.

आता ती स्वयंपाकघरात कणीक मळतेय. मी तिला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ती "काय?" म्हणत दारात आली, आणि दोन्ही वेळा मी पाणी मागितलं.

तिला अजून सांगितलेलं नाही.